पैसे देऊन शेत बघायला जावे काय?
कृषी पर्यटनातील सहकुटुंब मुक्कामाचा जमाखर्च

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी बेण्याची निवड, लागणीचे हंगाम, खोडव्याची निगा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. पण तोही हिशेबाचाच आहे, आणि घराघरात निघणारा आहे, म्हणून तो येथे घेतला.

नेरे, जांबे, मारुंजी, कासारसाई या शिवारांत उसाच्या नोंदीसाठी फिरताना अलीकडे एक गोष्ट वारंवार कानावर येते. हिंजवडीच्या कंपन्या हाकेच्या अंतरावर आल्या. कुणाचा मुलगा तिथे कामाला, कुणाची सून. सुटी जवळ आली की ही मंडळी घरात विषय काढतात, "बाबा, या वेळी सगळेच मिळून एक रात्र कृषी पर्यटन केंद्रावर जाऊ. माणशी ठरलेली रक्कम, त्यात राहणं, दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, बैलगाडी, सगळं आलं." त्यावर घरातले वडीलधारे म्हणतात, "अरे, आपण शेतकरी. आपण पैसे मोजून दुसऱ्याचं शेत बघायचं? लोक हसतील." मग मुलगा गप्प बसतो, नातवंडे हिरमुसतात आणि विषय तिथेच राहतो.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून रागाने वा हौसेने निर्णय न घेता, एकरी खर्चाचा हिशेब मांडतो तसा याचाही मांडून बघू.

हा व्यवसाय आला कोठून?

शेतावर पाहुणे ठेवून पैसे घेणे ही चाल तशी जुनी आहे. अमेरिकेत ईटन नावाच्या भावांनी १८७९ साली डाकोटा भागात गुराढोरांचे मोठे कुरण, ज्याला तिकडे रँच म्हणतात, सुरू केले. पूर्वेकडच्या शहरांतले ओळखीचे लोक तेथे येऊन दिवसेंदिवस मुक्काम ठोकू लागले. यजमानांचा खर्च वाढला, तेव्हा १८८२ च्या सुमारास पाहुण्यांकडून पैसे घेण्याची पद्धत पडली. पुढे १९०४ साली हे बंधू वायोमिंग राज्यात गेले आणि त्यांची रँच नावारूपास आली. राहणे, जेवण आणि बसायला घोडा यांची मिळून एकच रक्कम घ्यायची, ही रीत अशा रँचवर रुळली. आज आपल्याकडे "सर्व खर्चासह" असे जे म्हणतात, ते याच जातीचे.

इटली देशाने १९८५ साली यासाठी खास कायदा केला. त्यातली एक अट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाहुण्यांचा व्यवसाय हा शेतीला जोड असला पाहिजे, शेती हीच मुख्य राहिली पाहिजे. म्हणजे चार कुंड्या ठेवून हॉटेल काढले आणि त्याला शेत म्हटले, असे तिथे चालत नाही.

आपल्या महाराष्ट्रात नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत १९८५ पासून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. नांगरणी व चिखलणीशिवाय भात घेण्याचे "सगुणा राईस तंत्र" याच शेतावर तयार झाले, हे भातवाल्या सभासदांना ठाऊक असेल. बारामती तालुक्यात पळशीवाडी येथे श्री. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रकल्प उभा केला आणि पुढे राज्यातल्या अनेक शेतकऱ्यांना या व्यवसायाचे प्रशिक्षण दिले. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यामुळे अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी होते. सांगायचे तात्पर्य, हा प्रकार फसवाफसवीचा नाही. मात्र चांगले बेणे आणि गवताळ वाढीचे बेणे एकाच बाजारात मिळते, तसे येथेही आहे.

खर्चाचा खरा आकडा

आता हिशेबाला बसू. खालील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. केंद्रागणिक दर कमी-जास्त असतात, तेव्हा आपापले आकडे घालून बघावे. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे धरू. मुक्काम एक रात्रीचा.

मोठी माणसे ४, प्रत्येकी रु. २,०००/- प्रमाणे . . . रु. ८,०००/-
मुले २, निम्म्या दराने . . . रु. २,०००/-
गाडीचे तेल व टोल . . . रु. १,४००/-
मागे गोठा व पाणी बघणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी . . . रु. १,०००/-
वरखर्च . . . रु. ६००/-
एकूण . . . रु. १३,०००/-

पहिली गोष्ट ही की, मुलाने सांगितलेला आकडा दहा हजारांचा होता आणि घरातून जाणारी रक्कम तेरा हजारांची झाली. शहरातला माणूस दाराला कुलूप लावून निघतो. आपल्याला तसे जमत नाही. म्हैस दोन वेळा पिळावी लागते, मोटारीची पाळी रात्रीची असली तर पाणी कुणीतरी धरावे लागते. हा खर्च कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो. आपण तो स्वतःच धरला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तेरा हजार म्हणजे किती ऊस? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास रु. ३,५५०/- एफआरपी जाहीर केली. त्या भावाने भागाकार केला तर पावणेचार टनांच्या आतच काम भागते. एवढे पाहून कुणी म्हणेल, "चार टनांत काय, एका बैलगाडी-दोन गाड्यांचा प्रश्न."

पण हा भागाकार बरोबर नाही. त्या भावातून तोडणी-वाहतूक जाते. राहिलेल्यातून बेणे, खते, आंतरमशागत, वीज, मजुरी आणि सोसायटीचे देणे जाते. सहल होते ती उरलेल्या शिलकेतून. समजा, सगळे वजा जाता टनामागे एक हजार रुपये हाती राहतात. मग तेरा हजारांसाठी तेरा टन ऊस लागला. एकरी पन्नास टनांचा उतारा धरला तर साधारण दहा गुंठ्यांची वर्षभराची शिल्लक एका रात्रीला लागली. ज्याचा एकरी उतारा तीस टनांवर अडला आहे आणि टनामागे पाचशेही उरत नाहीत, त्याच्या बाबतीत हा आकडा पाऊण एकराच्या पुढे जातो. खर्च कोणताही असो, तो उसाच्या भावात न मोजता उसातल्या शिलकेत मोजण्याची सवय ठेवावी. ट्रॅक्टरच्या हप्त्यालाही हेच लागू आहे आणि लग्नाच्या मांडवालाही.

मुलाच्या पगारातून खर्च होणार असेल तर हिशेब निराळा, हे खरे. तरीही घर एक असेल तर थैलीही एकच असते. त्याने किती दिवस काम करून ती रक्कम मिळवली, हे त्याने स्वतःशी बघावे.

एकत्र रक्कम की सुटे सुटे पैसे?

पुष्कळांना वाटते की "सर्व खर्चासह" म्हणजे स्वस्त. तेही तपासून पाहू. हीच सहा माणसे एखाद्या गावी साध्या लॉजवर उतरली तर दोन खोल्यांचे रु. ४,०००/- होतील. दुपारचे व रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा असे मोठ्या माणसाला रु. ५२०/- आणि मुलांना त्याच्या निम्मे धरले, तर सहा जणांचे रु. २,६००/- होतात. मुलांच्या बैलगाडी, नाव वगैरे मौजेला रु. ९००/- धरा. बेरीज रु. ७,५००/-. केंद्रावर याच गोष्टींचे रु. १०,०००/- पडत होते. म्हणजे अडीच हजार रुपये जास्त.

हे अडीच हजार पाण्यात गेले असे मात्र म्हणू नये. त्यात दर वेळी खिशात हात घालण्याची कटकट वाचते. मुले मोकळ्या रानात खेळतात, रस्त्यावरच्या वाहनांची भीती नसते. गुडघेदुखीच्या आजोबांना जेवायला अर्धा मैल चालावे लागत नाही. ही सोय तुमच्या घराला हवी असेल तर पैसे योग्य जागी गेले.

पण एकत्र रकमेचे गणित वापरावर ठरते. ज्याने सकाळी दहाला पोचून दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघायचे, त्याला ते परवडते. संध्याकाळी पाच वाजता पोचला, रात्री एकच जेवण झाले आणि सकाळी सातला कामावर पळाला, तर त्याने न खाल्लेल्या जेवणाचे आणि न बसलेल्या बैलगाडीचेही पैसे भरले. आजीबाई रात्री दूध-भाकरीपलीकडे घेत नाहीत, मग पूर्ण ताटाचे पैसे का, हेही आधी विचारावे. विचारल्यास कित्येक ठिकाणी वृद्धांना सवलत मिळते. विचारण्यात कमीपणा नाही.

घरच्या शिवारातली पार्टी फुकट असते काय?

येथे कुणी म्हणेल, "एवढं कशाला? आपल्याच विहिरीवर, आंब्याखाली चूल मांडू. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा. काय कमी आहे?" काहीच कमी नाही. पण त्या दिवशी भाकरी कोण थापते, पाणी कोण आणते, भांडी कोण घासते, हे एकदा आठवून पाहा. पुरुषमंडळी गप्पा मारतात, मुले विहिरीभोवती खेळतात आणि घरातल्या बाया रोजचेच काम उन्हात, धुरात बसून करतात. घरी निदान डोक्यावर पत्रा असतो. ही मजुरी वहीत लिहिलेली नसते, म्हणून ती सहल फुकट वाटते.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. उसाच्या घरातल्या बाईला वर्षात सुटी कधी असते? लागणीला, खुरपणीला ती असते, गाळपात तोडकरी आले की पहाटेपासून ती उठलेली असते, आणि सणाला तर तिचे काम दुप्पट. एक दिवस आयते ताट समोर येणे आणि उष्टे ताट तिथेच सोडून उठता येणे, याचे मोल टनांत काढता येणार नाही. केंद्रावरचा मुक्काम परवडतो की नाही, हा प्रश्न घरात निघाला तर पहिले मत तिचे घ्यावे. पुष्कळ घरांत तिला विचारलेलेच नसते.

ज्यांना तेरा हजार झेपत नाहीत त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. आपल्याच शिवारात बेत करावा, पण आचारी बाहेरचा लावावा. शिधा, गॅस आणि दूध मिळून रु. २,५००/-, आचारी व त्याच्या जोडीदाराचे रु. २,०००/-, ताडपत्री व खुर्च्यांचे रु. ५००/-. पाच हजारांत काम होते, गोठ्यासाठी माणूस लागत नाही आणि घरातल्या साऱ्या बाया त्या दिवशी पाहुण्या होतात. परगावी जाण्याची मौज यात नाही, हे कबूल. पण विसावा मिळतो आणि शेजारच्या दोन घरांना बोलावले तर खर्चही वाटला जातो.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

बेणे घेताना आपण डोळा बघतो, कांडी मोडून बघतो. तसेच येथेही फोनवर पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात आणि शक्य तर उत्तरे लेखी मागावीत.

१) केंद्राची नोंदणी आहे काय? आगाऊ रकमेची पावती मिळेल काय?

२) तिथे खरोखर शेती आहे काय? सध्या कोणते पीक उभे आहे, हा एक प्रश्न पुरेसा आहे. यजमानाने पिकाचे नाव, लागणीचा महिना आणि वाण पटकन सांगितला तर तो शेतकरी. तो नुसता जलतरण तलाव आणि गाण्यांचा आवाज यांबद्दलच बोलू लागला तर ते लॉन आहे, शेत नव्हे.

३) सांगितलेला दर कर धरून आहे की वगळून? मुलांचे वय कितीपर्यंत अर्धे पैसे?

४) मांसाहार, जादा चहा, ट्रॅक्टरची फेरी, शेकोटी यांचे वेगळे पैसे आहेत काय? "सर्व खर्चासह" या शब्दांतून बहुधा याच गोष्टी बाहेर राहतात.

५) विहीर, शेततळे व तलाव यांना कुंपण आहे काय? प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात पडलेल्या माणसाला निसरड्या उतारावरून वर येता येत नाही, हे आपल्याला सांगायला नको. विंचू-सर्पदंश झाल्यास जवळचा दवाखाना कोठे, हेही विचारावे.

६) हुरडा असेल तर तो कुठला? हुरड्याचा हंगाम थंडीतला. सुरती, गुळभेंडी ही नावे जुनी आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा, फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण दिले आहेत. मुळशी हा मुळात भाताचा तालुका. तेव्हा आपल्या भागातल्या केंद्रावर कणसे बाहेरून आणलेली असणे शक्य आहे. त्यात वावगे काही नाही, पण सकाळची ताजी की तीन दिवसांची, एवढे विचारावे.

७) तारीख बदलावी लागली तर रक्कम पुढे धरतात काय? ऊसवाल्याने हा प्रश्न कधीही सोडू नये. हुरड्याचे दिवस आणि गाळपाचे दिवस एकच. तुम्ही शनिवारची खोली ठरवावी आणि शुक्रवारी रात्री टोळी तुमच्या फडात उतरावी, असे होऊ शकते. तोडणीची पाळी सोडून कुणी बैलगाडीत फिरायला जाणार नाही. म्हणून तोड झाल्यावर, खोडव्याचे पाचट कुजवणे आणि पहिले पाणी आटोपल्यावरच तारीख धरावी हे उत्तम.

जावे कोणी आणि थांबावे कोणी?

पीककर्ज उचलून, सोसायटीचा हप्ता थकवून किंवा खताचे पैसे मोडून कुणीही जाऊ नये. मुदतीत कर्ज फेडणाऱ्याला व्याजाची सवलत मिळते. ती एका रात्रीच्या हौसेपायी घालवणे हा मोठा तोटा. उसाचे बिल जमा झाले, देणी भागली, पुढच्या लागणीची तजवीज झाली आणि त्यानंतर शिल्लक राहिली, तर तिच्यातला ठरावीक हिस्सा घराच्या आनंदासाठी काढण्यात गैर काही नाही. महिन्याला हजार रुपये बाजूला टाकले तर तेरा महिन्यांत मुक्काम होतो. वर्षाआड एकदा जाणे बऱ्याच घरांना झेपेल.

ज्या घरची नातवंडे अजून आपल्याच वस्तीवर वाढत आहेत, त्यांनी शेत बघायला पैसे भरू नयेत. त्यांना त्याऐवजी समुद्र दाखवावा, रायगड-शिवनेरी दाखवावा. पण ज्यांची मुले वाकड-हिंजवडीला सदनिकेत राहायला गेली, त्यांची गोष्ट वेगळी. नेऱ्याच्या शिवारात आज एका बांधाला ऊस आणि दुसऱ्या बांधाला दहा मजली इमारत असे चित्र आहे. जमिनीचे तुकडे विकले जात आहेत. ज्या मुलाचे पणजोबा मोट हाकत होते, त्याला आज लागण आणि खोडवा यांतला फरक सांगता येत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण कुणी दाखवलेच नाही. अशा मुलाने कोठेतरी चिखलात पाय घातला, गाईच्या पाठीवर हात फिरवला, तर ते पैसे सत्कारणी लागले असे म्हणता येईल. पण त्या सहलीनंतर पुढच्याच रविवारी त्याला आजोबांच्या उसात आणावे. तिकडे जे त्याने पैसे देऊन पाहिले ते आपलेच होते, हे त्याला इथे कळेल. हे न केल्यास तेरा हजारांतले निम्मे वाया गेले असे मी समजेन.

आणखी एक. काही सभासद विचारतात की आपणच असे केंद्र काढावे काय. त्यावर सविस्तर पुन्हा केव्हातरी लिहू. तूर्त एवढेच सांगतो, की ज्याला हा विचार मनात आहे त्याने आधी पाहुणा म्हणून एक मुक्काम जरूर करावा आणि डोळे उघडे ठेवावेत. स्वच्छतागृहे किती, पाणी कुठून, स्वयंपाकाला किती बाया, सोमवार ते शुक्रवार खोल्या रिकाम्या राहतात का, हे बघावे. शहर जवळ असणे हे आपले भांडवल आहे आणि मुळशीचा आंबेमोहोर ताटात वाढता येणे हे दुसरे. पण पाहुणचाराचा भार शेवटी घरातल्या बायांवरच पडणार असेल, तर त्यांचा रोज खर्चात धरल्याशिवाय तो धंदा फायद्यात आहे असे म्हणू नये.

तेव्हा "लोक हसतील" या धास्तीने नातवंडांना हिरमुसले करू नका आणि "सगळे जातात" म्हणून खिसाही रिकामा करू नका. वही काढा, दोन्ही बाजू मांडा, घरातल्या बाईला विचारा आणि मग ठरवा. जाणार असाल तर मोटारीची पाळी, म्हशीची धार आणि फडाची तोड यांची व्यवस्था लावून निश्चिंत मनाने जा.

आपला,
ऊस विकास अधिकारी